मागच्या सीटवरचं वजन

कपडे अल्टर करून देणाऱ्या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणायची. दुकान एवढंसं, शिलाई मशीन आत गेलं की मावशीनं श्वास रोखून बसायचं. तरी आठवड्यातून एक दुपार शटर खाली ओढून ती खाडीत गळ टाकायला जायचीच. नवरा गेल्यावरही जायची. जाऊबाई म्हणायच्या, ती मेली कयाक विकून टाका एकदाची. मावशी हो हो म्हणायची आणि वल्हं खांद्यावर टाकायची. हट्टी बाई, दुसरं काय!

कयाक दोघांची होती. पुढं ती, मागं नवरा. तो वायरमन, तोंडाचा फटकळ. अरुंद होडीत वळून बघितलं की ती कलंडते, म्हणून नवऱ्याच्या निम्म्या गप्पा मावशीनं पाठीवरच ऐकल्या होत्या. आता एकटीच पुढं बसली की होडीचं नाक पाण्यात घुसायचं. त्यावर उपाय म्हणून ती मागच्या सीटवर पाण्यानं भरलेला कॅन बांधायची.

त्या दुपारी खारफुटीच्या आत, पार शेवटच्या फाट्यात पोचल्यावर तिला आठवलं, कॅन धक्क्यावरच राहिलाय. पण होडी तर सरळ चालली होती. नाक वर. मागं कुणीतरी बसल्यासारखी.

अंगावर सर्रकन काटा आला. वारा नव्हता. एरवी चिखलात टकटक करणारे खेकडेसुद्धा गप्प होते. मागं बघायची छाती होईना. मासे गेले खड्ड्यात म्हणत तिनं गळ गुंडाळला आणि ती परत फिरली. ओहोटी लागली होती, पाणी हां हां म्हणता उतरत होतं.

फाट्याच्या तोंडाशी गाळाचा उंचवटा आहे, सगळे त्याला उंबरठा म्हणतात. ओहोटीला दोघांची होडी तिथं अडकते, एकट्याची सुटते. मावशीची अडकली.

इथंच झालं होतं ते. त्या दिवशी शाळेचे गणवेश संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि मावशी घायकुतीला आली होती. "उतरा की हो, बसलात काय," म्हणून ती नवऱ्यावर खेकसली. तो हसला, उतरला, त्यानं मागून धक्का दिला. होडी सुटली. ती आपली वल्हवत राहिली. थोड्या वेळानं हाक मारली तर उत्तर नाही. वळली, तर मागं नुसतं पाणी. उंबरठ्याच्या कडेला गाळात खड्डा पडला होता, तो कुणालाच ठाऊक नव्हता.

आपण खेकसलो होतो हे तिनं कुणाला सांगितलं नाही, जाऊबाईंनासुद्धा नाही. आतल्या आत ते तिला कुरतडत राहिलं.

आणि आता पुन्हा तेच. ‘उतरा’ एवढा एक शब्द बोलला की होडी हलकी होणार, घर गाठता येणार. नाही बोलला, तर भरती येईपर्यंत त्या ओसाड चिखलात, पाठीशी जे काही आहे ते घेऊन बसायचं. शब्द ओठावर आला. तेवढ्यात मानेला गार वाफ लागली, ओल्या गाळाचा वास आला.

मावशीनं शब्द गिळला. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "आज घाई नाही मला. भरती आली की दोघं जाऊ."

मागची सीट करकरली, कुणी ऐसपैस टेकून बसावं तशी.

पाणी निघून गेलं. मावशी बोलत बसली. दुकानातलं सांगितलं, जाऊबाईंच्या तक्रारी केल्या, नव्या इमारतीच्या वायरिंगला त्याच्या वतीनं शिव्याही घातल्या. मध्येच रडू आलं तेव्हा रडून घेतलं. भीती काही गेली नाही, पण तिची सवय झाली.

ऊन कललं तसं पाणी परत आलं. होडी उचलली गेली, पण उंबरठ्यावर जराशी अडलीच. मावशी गप्प राहिली. मग मागून धक्का बसला, नेहमीसारखा, डाव्या अंगानं. होडी सुटली आणि तिचं नाक पाण्यात घुसलं. तो न सांगता उतरला होता.

मावशीनं या खेपेला वल्हं थांबवलं. होडी कलंडली तर कलंडली, म्हणून वळून पाहिलं. सीट रिकामी होती, तिच्यावर ओला गाळ होता.

"जपून हो," ती म्हणाली.