शेवटच्या खाचेतलं चित्र

“आज तेवढं बिघडलेलं काम नको दाखवायला,” मंडळाचे सचिव माझ्या खुर्चीमागे कुणाला तरी हळूच सांगत होते. “माणूस गेलाय. निदान काकूंचा तरी विचार करा.”

मी मंडळाच्या जुन्या स्लाइड प्रोजेक्टरपाशी होते, मान वळवली नाही. गजभिये सर जाऊन काही आठवडे झाले होते. येरवड्यातल्या ज्या सभागृहात ते दर रविवारी बोलायचे, तिथेच त्यांची शोकसभा होती. सरांच्या फोटोंच्या स्लाइड मला लावायला सांगितल्या होत्या आणि प्रोजेक्टरच्या शेवटच्या खाचेत मी कुणालाही न विचारता त्यांचं बिघडलेलं काम घालून ठेवलं होतं.

सर मूळचे नागपूरकडचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चित्रकार-शिल्पकारांची आयुष्यं आणि त्यांचं काम अभ्यासणारं हे मंडळ सुरू केलं. मी जवळच्याच आयटी कंपनीत नुकती लागले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलायची धास्ती. म्हणून मी प्रोजेक्टर पकडला. अंधारात बसणाऱ्याला कुणी बोलायला लावत नाही... सर लावायचे. “काहून चूप आहेस वं? तुला काय दिसलं?”

“माझं मराठी नीट नाहीये, सर.”

“बरंच आहे. त्याला इस्त्री नाही, म्हणजे खोटं बोलता येणार नाही.”

त्यांचा एकच नियम होता. कलाकार कितीही मोठा असो, शेवटची स्लाइड त्याच्या फसलेल्या कामाची. एका प्राध्यापकांनी तासभर एका शिल्पकाराची थोरवी सांगितली आणि ती स्लाइड टाळली. सर शांतपणे म्हणाले, “छान. आता आरती म्हणायची का?” प्राध्यापक पुन्हा आले नाहीत.

मग एकदा कुणीतरी सरांनाच विचारलं, तुमचं स्वतःचं काय? पुढच्या रविवारी ते घरून काकूंचं, म्हणजे आपल्या पत्नीचं, स्वतः रंगवलेलं तैलचित्र घेऊन आले. साडीचे काठ, कानातले, सगळं सुरेख. “चेहरा सुंदर दिसावा म्हणून मी हिचा चष्मा उतरवला,” सर म्हणाले, “आणि डोळे माझ्या मनचे रंगवले. ही बाई मी कधी पाहिलीच नाही.”

“तिलाही तुम्ही दिसले नसाल,” काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं सर हसले. त्या चित्राची स्लाइड त्यांनी मला करायला लावली, चित्र मात्र घरी बाहेरच्या खोलीत टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी दिसेल असं.

शोकसभेत एकेक जण बोलत होता. ऋषितुल्य. निष्कलंक. सरांच्या हातून कधी चूक झाली नाही... असंही कुणीतरी म्हणालं. ऐकता ऐकता मला सर ओळखू येईनासे झाले. सगळे मिळून त्यांचाही चष्मा उतरवत होते. मग दिवे मालवले आणि फोटो सुरू झाले. पहिल्या रांगेत काकू डोळे पुसत होत्या. त्या दुखावल्या तर? मी या माणसांना पुन्हा तोंड कसं दाखवणार होते?

“झाल्या ना सगळ्या?” सचिवांनी विचारलं. “लावू दिवे?”

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं.

पडद्यावर काकूंचं तैलचित्र आलं. “अहो, हे काय?” सचिव दबक्या आवाजात म्हणाले. काकूंनी मान वर केली. चष्मा त्यांच्या मांडीवर होता. पडद्याकडे डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, “काय लावलं वं? मला दिसून नाही राहिलं.”

मी उभी राहिले. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“चष्मा लावा, काकू. सरांचं बिघडलेलं चित्र आहे.”