तीन रुमाल, तिसरी रांग

गल्लीतली पोरं त्यांना अंधारकाका म्हणत. नोकरी तारांगणात निवेदकाची. दिवे गेल्याशिवाय काम सुरूच होत नसे. उजेडात हा माणूस दुकानात साबण मागतानाही अडखळायचा. पण घुमटाखाली काळोख झाला, की आवाजाला असा काही डौल चढायचा, की खास डुलकी काढायला आलेली मंडळीही जागी राहायची.

काकांच्या तिन्ही मुलांच्या सुट्ट्या याच घुमटाखाली गेल्या. आई कामावर, म्हणून काका त्यांना तिसऱ्या रांगेत ओळीनं बसवून ठेवत. पाढ्यांच्या आधी पोरांना बाबांचं निवेदन पाठ झालं.

आज निवृत्तीचा दिवस, शेवटचा खेळ. काकांनी तिघांनाही बोलावलं होतं, आणि सकाळीच तिसऱ्या रांगेत तीन रुमाल टाकून जागा धरल्या होत्या. आई गेल्यापासून भावंडांत बोलणं नव्हतं. कारण विचारलं तर तिघं तीन कारणं सांगत, आणि तिन्ही खरी वाटत. काकांना एवढंच हवं होतं, की आज तरी तिघांनी एका रांगेत बसावं.

"इथून बरं दिसतं, बाबा," म्हणत थोरला दाराशीच टेकला. मधली त्याला बघून दुसऱ्या टोकाला गेली. "पुढं बसलं की मान दुखते," म्हणून धाकटा पार मागे. मान वर न करता आकाश दिसेल अशी खुर्ची काकांना इतक्या वर्षांत सापडली नव्हती.

दिवे गेले. आधी लाखो ताऱ्यांचा एक गोल गुच्छ आला, स्वतःच्याच वजनानं एकमेकांना घट्ट धरून बसलेला. "यांना भांडायलासुद्धा जागा नाही," काका नेहमीसारखं म्हणाले. मग कृत्तिका आल्या.

"ही एकाच ढगात जन्मलेली भावंडं. लहानपणी एका पांघरुणात झोपल्यासारखी. त्यांना धरून ठेवतो तो ढगच. पण तारे मोठे होतात, तापट होतात, त्यांच्याच झळांनी ढग उडून जातो. ढग गेला, की…"

पुढे एक विनोद होता, वर्षानुवर्षं चालत आलेला. आज काकांच्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, माईक गेला.

दाराजवळून थोरल्याचा आवाज आला, "…की काही दिवस कुणाला कळतच नाही. सगळे तिथंच घुटमळतात."

"मग एकेक जण म्हणतो," टोकाकडून मधली म्हणाली, "येतो हं जरा जाऊन."

"आणि येत नाही," मागून धाकटा.

लोक हसले. या जागी नेहमीच हसत.

काकांनी घसा साफ केला. "लांब जातात. पण तपासलं, तर प्रत्येकाच्या अंगात त्याच ढगाचं काहीतरी सापडतं," ते म्हणाले, आणि दिवे आले.

तिघंही भेटून गेले, पण थोरला जिना उतरेपर्यंत मधली थांबली, आणि ती उतरेपर्यंत धाकटा.

"छान झालं, बाबा. येतो हं."

"येते हं, बाबा."

"येतो."

मग काकांनी तिसऱ्या रांगेतले रुमाल उचलले. कुणी न बसल्यामुळे घड्याही मोडल्या नव्हत्या. तिन्ही एका खिशात मावत नव्हते. दुसरा खिसा रिकामा होता, तरी काका त्यांना एकाच खिशात कोंबत राहिले.