खाली जाणारा ब्रेक

सत्यवती मोहिते गाडी चालवते, याचं चामराजपेटेत पहिल्यांदा सगळ्यांना नवल वाटलं होतं. पुढे नवल ओसरलं आणि लोक तिच्या चुका शोधू लागले. मुळात ती हौसेने शिकलीच नव्हती. तिचे यजमान जयसिंगराव यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही विरत गेलं. छप्पन्न साली एका सकाळी त्यांनीच काळ्या मॉरिस मायनरची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

"क्लच हळू सोड," ते म्हणाले. "ब्रेक त्याहून हळू. ब्रेकवर पाय आदळायचा नसतो, ठेवायचा असतो."

ती तशीच शिकली. रोज सकाळी ती त्यांना तरगुपेठेतल्या दुकानावर सोडायची आणि जेवायच्या वेळी परत आणायची. दोरखंड आणि ताडपत्र्यांचं ते दुकान दोघा भावांचं होतं. धाकटा रघुपती त्याच घरात माडीवर बायकोसह राहायचा. जेवण मात्र खाली, सगळ्यांचं एकत्र. रघुपतीचं मत होतं की ही गाडी विकून मालासाठी तीनचाकी टेम्पो घ्यावा. तो हे हसत हसत बोलायचा, पण महिन्यातून एकदा तरी बोलायचाच.

बासष्ट सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मार्केटजवळच्या उतारावर पोलिसाने हात दाखवला. पुढे एक बैलगाडी होती. सत्यवतीने गाडी थांबवली आणि ब्रेकवर पाय ठेवून बसली. तेवढ्यात पायाखालचा ब्रेक हळूहळू खाली जाऊ लागला. पाय तिने जास्त दाबला नव्हता, ब्रेकच आपला बसत्या गादीसारखा बसत चालला होता. गाडी इंचाइंचाने पुढे सरकली आणि बैलगाडीच्या मागच्या लाकडाला टेकली. गाडीवान मागे वळून बघू लागला. तिने हँडब्रेक ओढला. शेजारी बसलेल्या जयसिंगरावांना फक्त धक्का कळला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. तिचा हात अजून हँडब्रेकवरच होता.

दुपारी ती गाडी घेऊन कलासीपाळ्यात मल्लाप्पाकडे गेली. मल्लाप्पा कितीतरी वर्षं याच गाडीचं काम करत होता. तो आत बसला आणि ब्रेकवर दोनदा लाथ घातल्यासारखा पाय हाणला.

"दगड आहे, अक्का. एकदम घट्ट."

"माझ्या पायाखाली जातो तो."

"स्वल्प हवा शिरली असेल." त्याने चारी चाकांपाशी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, तेल भरलं, पुन्हा पाय हाणला. पुन्हा घट्ट. दुसऱ्या दिवशी जयसिंगरावांचे डोळे दाखवायला मिंटो हॉस्पिटलच्या दाराशी थांबल्यावर ब्रेक पुन्हा खाली गेला.

ती परत मल्लाप्पाकडे गेली. या वेळी तो गाडीत बसलाही नाही. "अक्का, गाडीला काही नाही," तो म्हणाला. उरलेलं वाक्य त्याने गिळलं, पण तिला ते ऐकू आलं. दोष पायात आहे, बाईच्या.

तेव्हापासून तिचं मन वेगळ्याच गोष्टी जुळवू लागलं. दिवाळीनंतर रघुपती गाडी घेऊन आनेकलला लग्नाला गेला होता. गाडी दारांपर्यंत चिखलाने माखून परत आली. कुठे अडकली, कुठे आपटली, काही बोलला नाही. आणि ब्रेकची ही तऱ्हा त्यानंतरचीच. शिवाय एका संध्याकाळी तिने रघुपती आणि मल्लाप्पाला हॉटेलात समोरासमोर कॉफी पिताना पाहिलं होतं. तिला बघून दोघांनीही हात केला. तो हातसुद्धा तिला जरा जास्तच मोकळा वाटला.

"भावजी, तुम्ही चालवली तेव्हा ब्रेक कसा होता?" तिने एकदा विचारलं.

"उत्तम," तो हसला. "माझ्या पायाला बरोबर लागतो, वैनी."

माझ्या पायाला! ते शब्द दिवसभर तिच्या डोक्यात फिरत राहिले.

मग उशीचा प्रकार झाला. ती बुटकी होती, म्हणून पाठीमागे एक घट्ट उशी ठेवूनच गाडी चालवायची. एका सकाळी तिने शेडचं दार उघडलं, तर उशी शेजारच्या सीटवर होती आणि तिची सीट मागे सरकवलेली. शेडची किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला असायची. घरातल्या माणसाशिवाय तिला हात लावणारं कुणी नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कुणीतरी गाडीत येऊन बसत होतं. उंच माणूस. जयसिंगरावांना दिसत नव्हतं, म्हणजे उंच माणूस घरात एकच उरला.

त्या रात्रीच्या जेवणात ती बोलून गेली. भात वाढता वाढता म्हणाली, "भावजी, गाडीला हात का लावता?"

रघुपतीने वर पाहिलं. "मी? अण्णांना दुकानावर सोडतो का मी? गाडी तर तुमच्याच हातात असते."

"सीट मागे कोण सरकवतं मग? ब्रेकला काय केलंत?"

"वैनी, काय बोलताय तुम्ही?"

"एकदा माझ्या हातून कुठे आदळली की विकायला सोपी, असंच ना?"

ताटावरचे सगळे हात थांबले. जयसिंगराव "सत्यवती!" एवढंच म्हणाले. रघुपती अर्ध्या ताटावरून उठून वर गेला. दुसऱ्या दिवसापासून माडीवर वेगळी चूल पेटली.

ती तरी कुठे निवांत होती? चढावर गाडी न्यायची नाही, उतारावर तर नाहीच, थांबायचं तेव्हा हँडब्रेक ओढायचा, ब्रेक आधी दोनदा दाबून मग तिसऱ्यांदा धरायचा, असे नेम तिने स्वतःला घालून घेतले. रघुपतीवरचा संशय मात्र तो रागावून उठून गेल्याने कमी झाला नाही. उलट वाढला. खरं असल्याशिवाय इतकं लागेल का, असं तिला वाटलं.

तिने शेडच्या जमिनीवर, गाडीच्या दारापाशी, रांगोळी भुरभुरली. तिसऱ्या दिवशी त्यात पाऊल उमटलं. अनवाणी. रघुपती अंगणातसुद्धा चपलेशिवाय उतरायचा नाही. तिला काही सुचेना.

पुढच्या दुपारी तिने शेजारी हळदीकुंकवाला जाते असं मोठ्याने सांगितलं, फाटकापर्यंत गेली आणि मागून वळून शेडपाशी आली. फळ्यांच्या फटीतून तिने आत पाहिलं.

जयसिंगराव गाडीत बसले होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात, मान सरळ, डोळे समोरच्या भिंतीकडे. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला, स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवलं. जणू तरगुपेठेचं वळण आलं होतं. ओठ हलत होते.

तिने दार ढकललं.

"कोण?" ते दचकले.

"मी आहे." ती दारातूनच म्हणाली. "रोज येता इथे?"

"रोज नाही." ते स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर घेऊन बसले, चोरी पकडल्यासारखे. "हातपाय विसरतील गं. दिसत नाही ते नाही. पण हे तरी राहू दे म्हटलं."

तिला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण इतके दिवस मनात घर करून बसलेला संशय एवढ्याने थोडाच उठणार? ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ब्रेक दाबा."

"हं?"

"आत्ता दाबा. मला शिकवलात तसा. आदळू नका, ठेवा."

त्यांनी पाय ठेवला. वाट पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"जातोय," ते म्हणाले. "सत्यवती, जातोय गं हा खाली."

इतक्या दिवसांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. ती गाडीच्या दाराला धरून खाली बसली आणि तिला रडू आलं.

मग दोघं कामाला लागले. ते सांगत गेले, ती करत गेली. चारी चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून तिने बघितलं. धूळ होती, ओल नव्हती. वाकून नळ्या चाचपल्या, त्या कोरड्या. चालवणाऱ्याच्या पायाखालची चटई उचलून पत्र्यातलं झाकण काढलं, त्याखाली ब्रेकच्या तेलाची टाकी होती. पाना लावून तिचं बूच उघडलं. तेल हवं तेवढं होतं.

"बाहेर थेंब नाही, आत तेल कमी नाही," ती म्हणाली. "मग जातं कुठे?"

"कुठेच जात नाही. आतल्या आत मागे फिरतं." त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात सरकवून दाखवली. "आत दट्ट्या असतो, त्याच्या तोंडाशी रबराची वाटी. पाय जोरात हाणला की वाटी फाकते, नळीला घट्ट धरते. हळू दाबला आणि वाटी खराब असली, की तेल कडेने निसटून मागे येतं."

"मल्लाप्पा हाणतो."

"रघुपतीही हाणतो. सगळे पुरुष हाणतात," जयसिंगराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी ते जरा हसले.

दुसऱ्या दिवशी सत्यवती सकाळी रस्ता मोकळा असताना, बैलाच्या चालीने गाडी कलासीपाळ्यात घेऊन गेली. जयसिंगराव शेजारी होते. मल्लाप्पाने सवयीने पाय उचलला, तसं ती म्हणाली, "थांबा. झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवतात तसा ठेवा. आणि उचलू नका."

मल्लाप्पाने ठेवला. ब्रेक हळूहळू तळाला गेला. मग "सरी, अक्का, बरोबर आहे तुमचं," म्हणत तो खाली उतरला, आणि गाडीखाली शिरला.

काढलेली रबराची वाटी त्याने फडक्यावर ठेवली. ती फुगली होती आणि भिजवलेल्या चिंचेसारखी मऊ लागत होती. "हे झिजलेलं नाही," तो म्हणाला. "यात कुणीतरी दुसरं तेल घातलंय. साधं, मशीनचं. ते रबराला खातं. आता चारी चाकांतलं रबर बदलायला हवं, नळ्याही धुवायला हव्यात."

सत्यवतीच्या मनात एकच नाव आलं. आनेकलचा रस्ता, तो चिखल, ती कॉफी, सगळं पुन्हा उभं राहिलं. ती बोलायला तोंड उघडणार, तोच जयसिंगरावांनी हात पुढे केला.

"बघू ते रबर."

त्यांनी ते बोटांत चेपलं, नाकाशी धरलं. मग फडक्यावर ठेवायला त्यांना जागा सापडेना, म्हणून तिनेच ते त्यांच्या हातातून घेतलं.

"मीच घातलं," ते म्हणाले. "टाकीत बोट बुडवून बघितलं, थोडं कमी वाटलं. म्हटलं, तू रोज चालवतेस, एवढं तरी आपण करावं. फळीवरचा डाव्या टोकाचा डबा. तिथे ब्रेकचंच तेल असतं ना?"

असायचं. दसऱ्याला गाडीच्या पूजेआधी सत्यवतीने शेडमधली फळी झाडली होती आणि डबे हाताला येतील तसे परत लावले होते. तिला ते लख्ख आठवलं. तिने ते मल्लाप्पासमोरच सांगितलं. सांगताना तिला कळलं, की रघुपतीच दोषी निघाला असता तर आपल्याला किती बरं वाटलं असतं. या विचाराचीच तिला भीती वाटली.

घरी आल्यावर जयसिंगरावांनी भावाला हाक मारून सगळं सांगितलं. "असू दे, अण्णा," रघुपती म्हणाला. वहिनीकडे त्याने पाहिलं नाही. म्हणून संध्याकाळी ती स्वतः माडीवर गेली.

"चुकलं माझं, भावजी."

"ब्रेकचं तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं," तो म्हणाला. "मी हसलो, ते माझं चुकलं. पण मी तुम्हाला मारायला निघालोय, असं म्हणालात तुम्ही."

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालात, वैनी."

 ती खाली आली. माडीवरची चूल मात्र तशीच राहिली. पासष्ट साली रघुपती जयनगरला नव्या घरात गेला. येणंजाणं होतं, सणासुदीला ताटंही मांडली जायची, पण टेम्पोचं तो पुन्हा कधी बोलला नाही आणि त्या गाडीत कधी बसला नाही.

बसला तो एकदाच, सदुसष्ट साली. त्याच्या बायकोचं पोट अचानक भयंकर दुखू लागलं, दुसरं वाहन मिळेना, तेव्हा त्याने निरोप धाडला. सत्यवती लगेच गेली. बायकोला धरून तो मागे बसला. मार्केटच्या उतारावर गाडी थांबली, तेव्हा तिने समोरच्या आरशात पाहिलं. रघुपती पुढे वाकला होता, आणि त्याची नजर तिच्या पायावर होती.

तिने पाय होता तसाच ठेवला. त्याला बघू दिलं. पोलिसाने हात खाली केला, तशी तिने गाडी पुढे काढली.