काल्डहावच्या वेशीवर गूळ-पाणी

काल्डहाव नकाशात शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्राच्या काठचं ते एक जुनं बंदर आहे. त्याला तटबंदी आहे, देवमाशांची शिकार करणारे कोळी आहेत, राजा नाही, पण कायदे पुष्कळ आहेत. वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुट्टीत, हे अख्खं शहर न्यूझीलंडमधल्या एका मेंढ्यांच्या फार्मवर तंबू ठोकून वसतं आणि सुट्टी संपली की गाड्यांच्या डिकीत भरून घरी जातं. चांगली नोकरीधंद्याची, केस पांढरे झालेली माणसं तिथं झगे घालून मध्ययुगात राहतात. माझा धाकटा भाऊ शिरीष या शहराचा द्वारपाल आहे. पुण्यात मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी लोअर हटमधल्या त्याच्या घरून आम्ही गाडीनं निघालो. मी न्यूझीलंडला आले होते ती काही झगेवाल्यांना बघायला नव्हे. माझ्या पर्समध्ये एक किल्ली होती. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर शिरीषचा फ्लॅट आहे. वैदेही, म्हणजे त्याची बायको, गेल्यापासून तो इथं एकटाच असतो. मूलबाळ नाही. म्हणून मी भाडेकरूंना निरोप दिला, फ्लॅटला रंग काढला, स्वयंपाकघरात नवा ओटा घातला आणि किल्ली घेऊन त्याला परत न्यायला आले. पण विषय काढला की तो कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला उठायचा. एका घरातून इतका कचरा निघत नाही. शेवटी म्हणाला, "ताई, ईस्टरला माझ्याबरोबर चल. मग बोलू." मी म्हटलं, बरं.

रेमुटाकाचा घाट वळणावळणाचा आणि वारा असा की गाडी कडेला सरकते. घाटात शिरीष नियम सांगत होता. वेशीच्या आत फोन नाही, प्लास्टिक नाही, जॅन्डल्स (रबरी चपला) नाहीत. चष्मा चालतो.

"आणि माझी साडी?"

"इरकल आहे ना? उत्तम. तू पूर्वेकडून आलेली व्यापारीण."

खाण्याच्या पिशवीत मी गुळाची ढेप घेतली होती. विमानतळावर ती मी इमानदारीनं दाखवली होती. तपासणीच्या अधिकाऱ्यानं तिचा वास घेतला, ठोकून बघितली आणि विचारलं, "साखर?" मी म्हटलं, "साखर व्हायच्या आधीची." त्यानं ती परत दिली. आपल्या गुळाला परदेशात मिळालेला हा पहिला मान असेल.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही. या देशात उत्तर म्हणजे ऊब. घर घेताना लोक उत्तरेचं ऊन येतं का ते बघतात, आणि थंडी येते ती दक्षिणेकडून. पण काल्डहाव पडलं उत्तरेचं बंदर, त्यामुळं दक्षिणेचा बोचरा वारा अंगावर घेत सगळे "काय ही उत्तरेची थंडी!" म्हणत कुडकुडत होते. मी शिरीषला तसं म्हटलं. तो म्हणाला, "ताई, इथं कुणाची चूक काढायची नाही."

बंदराचीही तीच गत. समुद्र दोन टेकड्यांपलीकडे. इथं कुरणावर निळी ताडपत्री पसरलेली आणि तिच्यावर शिडाचा खांब रोवलेलं एक जहाज. मुळात ती गवताच्या गठ्ठ्यांची ट्रॉली. मेंढ्या ताडपत्रीच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. शहराचा दरबार भरायचा वूलशेडमध्ये, म्हणजे लोकर कातरायच्या शेडमध्ये. तिथल्या लाकडाला इतक्या वर्षांच्या लोकरीचा तेलकट वास होता आणि फळ्या पावलागणिक करकरत होत्या. शहर खोटं होतं, पण ही एक इमारत मात्र खरोखर जुनी होती.

शिरीषनं डिकीतून जाड निळा झगा काढला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवला आणि तो वेशीवर जाऊन उभा राहिला. पुढचे दोन तास मी एका दगडावर बसून माझ्या भावाकडे बघत राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला तो अडवत होता. कुठून आलात? काय काम? कुणाच्या घरी उतरणार? म्हातारी आई बरी आहे का? गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? (हे शेवटचे दोन प्रश्न मध्ययुगातले नव्हते.) घरी दिवसभरात "चहा?" आणि "झोपतो" एवढंच बोलणारा माणूस इथं खणखणीत आवाजात बोलत होता. लहानपणी आमच्या चाळीत त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला, आणि खरं सांगायचं तर मला आनंद व्हायच्या आधी वाईट वाटलं. हा आवाज माझ्यासाठी का निघाला नाही?

जेवणाची सोय मेरेआनाकडे होती. ही माओरी बाई एरवी हॉस्पिटलात नर्स, इथं कोळीण. मोठ्या काळ्या हंड्यात मटण आणि बार्ली रटरटत होतं. मी शाकाहारी म्हटल्यावर तिनं निखाऱ्यातून भाजलेला कुमरा (तिकडचं रताळं) काढून लोण्याबरोबर दिला. आपल्या उपासाच्या रताळ्याहून घट्ट, धुरकट गोड. मध्ययुगात चहा नव्हता म्हणे, पण प्रत्येकाच्या लाकडी पेल्यात चहाच होता आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

शिरीषचं ऐकून सगळेच मला ताई म्हणू लागले. मेरेआना म्हणाली, "आमच्या भाषेत ताई म्हणजे भरती, समुद्राचं पाणी. चला, आमच्या बंदराला एकदाचा समुद्र आला." आजूबाजूचे हसले. मग कुमरा सोलता सोलता तिनं सरळ विचारलं, "तू त्याला न्यायला आली आहेस ना?"

"त्यानं सांगितलं?"

"वेशीवर उभा असतो तेव्हा सगळं सांगतो." तिनं हात पुसले. "तुला माहीत आहे, तो द्वारपाल कसा झाला? वैदेही आमच्या वॉर्डात होती. ती गेल्यावर मीच त्याला इथं ओढून आणला. आला आणि तंबूत बसून राहिला. कुणाशी बोलेना. मग आम्ही ठरवलं, याला वेशीवर उभा करायचा. तिथं प्रत्येकाशी बोलावंच लागतं. त्याआधी काल्डहावला द्वारपाल नव्हताच. वेससुद्धा नव्हती. दोन खांब त्याच्यासाठी पुरले."

मी कुमरा खात राहिले. दुसरं काय करणार?

शनिवारी दुपारी शहरात गडबड होती. दक्षिणेच्या राजाचा एक हेर आत शिरल्याची बातमी होती आणि संध्याकाळच्या आत त्याला पकडायचं काम द्वारपालाचं. शिरीष चार पहारेकरी घेऊन हिंडत होता. मी आमच्या तंबूत एकटी बसले होते. वाऱ्यानं कनात फडफडत होती. तेवढ्यात दारात एक उंच, दाढीवाला माणूस आला. ओठ फुटलेले, नाक लाल. "आत येऊ का?" म्हणाला.

मी म्हटलं, "या की."

आता आमच्या घरची पद्धत अशी की दारात कोणी आलं, मीटर बघणारा असो की विमा विकणारा, आधी गूळ-पाणी. मग काय काम ते विचारायचं. आईनं हे आम्हाला शिकवलं असंही नाही, ते हात आपोआप करतात. मी ढेप फोडली, खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि तांब्याभांडं पुढं केलं. तो खडा त्यानं निरखून बघितला, तोंडात टाकला, घटाघट पाणी प्यायला आणि अजून एक मागितला. तो दिला. तेवढ्यात बाहेरून पावलं वाजली आणि शिरीष पहारेकऱ्यांसह आत घुसला.

"सापडला!"

तो माणूस बसल्या जागेवरून हललाही नाही. रिकामं भांडं वर करून म्हणाला, "द्वारपाल, मी तुमच्या घरचं प्यायलोय."

शिरीषनं माझ्याकडे बघितलं. "ताई, काय दिलंस त्याला?"

"गूळ-पाणी. का?"

तो खाली बसला. "अगं, तूच दिलंस? माझ्या घरात?"

मला काय कळणार? काल्डहावचा सगळ्यात जुना कायदा असा: एखाद्या घरी शत्रूनं अन्नपाणी घेतलं तर त्याला हात लावता येत नाही. आणि त्या घराच्या धन्याला दोहोंतून एक निवडावं लागतं. पाहुण्याबरोबर जहाजात बसून शहर कायमचं सोडायचं, नाहीतर त्याचा जामीन म्हणून पुढच्या वर्षीच्या मेळाव्यापर्यंत शहराशी बांधून राहायचं. हेराचं नाव कॅलम, एरवी तो अप्पर हटमध्ये प्लंबर आहे. त्याला फक्त आसरा घ्यायचा होता. आयतं पाणी मिळेल अशी त्याचीही कल्पना नव्हती.

संध्याकाळी वूलशेडमध्ये दरबार भरला. न्यायाधीश होत्या ज्युडिथ नावाच्या बाई, जॉन्सनव्हिलच्या लायब्ररीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पहारेकऱ्यांचं म्हणणं, कायद्यात भाकरी आणि मीठ आहे, हा पिवळा दगड नाही. कॅलम म्हणाला, दगड नाही, फार छान लागतं. ज्युडिथबाईंनी पुरावा मागवला. मी खडा दिला. त्यांनी डोळे मिटून चघळला, थोडा वेळ विचार केला आणि आणखी पुरावा मागितला. शेवटी हे अन्नच आहे असं ठरलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "व्यापारीणबाई, तो शत्रू आहे हे माहीत नसताना दिलंत. माहीत असतं तर?"

मी विचार केला. "तरी दिलं असतं. दारात आला होता."

कॅलमनं मान खाली घातली. का कोण जाणे, शेडमध्ये कुणीच हसलं नाही.

"द्वारपाल, निवड करा," ज्युडिथबाई म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळे श्वास रोखून का बसलेत. मी कशासाठी आले ते सगळ्यांना ठाऊक होतं. शिरीषला इथून मानानं निघायचं असेल तर याहून चांगली वाट मिळाली नसती. जहाजात बसायचं, लोक हात हलवणार, झगा उतरवायचा, पुण्याला यायचं. नकळत मीच ती वाट करून दिली होती. मेरेआना हंड्याजवळ उभी होती आणि तिच्या हातातला डाव हवेतच थांबला होता. मला मनापासून वाटलं, म्हण 'जातो'. म्हण रे.

शिरीषनं ज्युडिथबाईंकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघून मराठीत बोलला.

"ताई, मी इथंच राहतो."

मग त्यानं तेच इंग्रजीत सांगितलं आणि शेडमध्ये एकच गलका झाला. कुणी त्याची पाठ थोपटली, कुणी कॅलमची. पण तोवर ते मला एकटीला कळून चुकलं होतं.

मला राग आला. चांगला सणसणीत आला. सख्ख्या बहिणीला उत्तर द्यायचं ते असं, झगा घालून, मेंढ्यांच्या शेडमध्ये? रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. रविवारी सगळ्यांनी तंबू उतरवले, ताडपत्रीची घडी केली आणि समुद्र एका मोठ्या पिशवीत गेला. शिरीषनं वेशीचे दोन्ही खांब उपटले, खड्डे पायानं बुजवले आणि खांब स्वतःच्या गाडीच्या टपावर बांधले. वर्षभर ते त्याच्या गराजमध्ये असतात, हे मला तेव्हा कळलं. आठवडाभर मी त्यांच्यावर ओले टॉवेल वाळत घालत होते, आणि शुक्रवारी ते टपावर चढले तेव्हा मला ते तंबूचे वाटले होते.

घाटात मी विचारलं, "ते खेळातलं होतं, की खरं?"

"खरं." त्यानं एक वळण घेतलं. "घरी तुला सांगायला जमत नव्हतं. तू फ्लॅटला रंग काढलास. ओटा घातलास. कसं सांगणार? तिथं निदान विचारलं की उत्तर द्यावंच लागतं."

"एकटा पडशील."

"पडलो होतो."

पुढं वारा इतका होता की त्याला गाडीकडे लक्ष द्यावं लागलं. माझा राग उतरला तो त्या घाटात, पण दुःख तसंच राहिलं.

मी पुण्याला निघाले त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, आदल्या रात्री विरजण लावायचं राहूनच गेलं होतं. तो धावत डेअरीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) गेला आणि दह्याचा डबा घेऊन आला. ते व्हॅनिलाचं निघालं. तेच त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं आणि मी ते खाल्लं. मग वाकून पाया पडला. मी पर्समधून फ्लॅटची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती परत केली नाही, याचंही मला बरं वाटलं.

पुण्याला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या देशपांडेबाई. वरच्या फ्लॅटचा रंग त्यांनीही पसंत केला होता.

"आलात? काय म्हणतायत भाऊ? कधी येतायत?"

आत जाऊन मी गुळाचा खडा आणि पाणी आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"नाही येणार तो," मी म्हटलं. हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "त्याचं गाव आहे तिकडं."

"गाव? कुठलं हो?"

"बसा, सांगते."

बाईंनी खडा तोंडात टाकला आणि त्या ऐकायला बसल्या.