बिबड्यांवर आलेला आळ

वाचकहो, उभे असाल तर बसा, बसला असाल तर भिंतीला टेका. आज मी एका गुन्ह्याचा कबुलीजबाब देणार आहे. गुन्हेगार मी. मुद्देमाल, शेजारच्या नानांचं वायफाय. घटनास्थळ, जळगावातली आमच्या घराची गच्ची.

पासवर्ड मात्र मी चोरला नाही. नाना निवृत्त मास्तर. वायफाय बसलं त्या दिवशी त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या मुलाला फोनवर पासवर्ड सांगितला, तोही अंगणात उभं राहून, शुद्धलेखन घालावं तसा, एकेक अक्षर दोनदोनदा. पलीकडच्या गल्लीतल्या म्हशीलाही तो पाठ झाला असेल. आपसूक कानावर पडलेलं वापरलं तर ती चोरी कशी, अशी मी मनाची समजूत काढली. मन माझंच, त्याला लगेच पटलं.

अडचण एवढीच की नानांचा तो वायफायचा डबा त्यांच्या माडीच्या खिडकीत, आणि आमच्याकडे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. भर उन्हाळ्यात धडधाकट माणूस रोज गच्चीवर का बसतो, याला कारण काय सांगणार? पण देव धावला. बिबड्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचे, दिवस आले. तीन दिवस भिजवलेली ज्वारी दळायची, पहाटे शिजवायची, गल्लीतल्या बायकांनी जमून ओल्या धोतरावर बिबडे थापायचे आणि कडकडीत उन्हात वाळवायचे. राखणीला कुणीतरी लागतंच.

"मी बसतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पुढचे पंधरा दिवस एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाइल. मी जुन्या कुस्त्या पाहिल्या, कावळ्यांनी बिबडे खाल्ले. सगळे सुखी होते.

नाना सोडून. रविवारी सकाळी त्यांच्या पाच वर्षांच्या नातीचा व्हिडिओ कॉल यायचा. आठवडाभर नाना त्या कॉलवर जगायचे. इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत बसायचे. हल्ली मात्र कॉल सारखा अडकायचा. आपण हललो तर तो तुटेल, या भीतीने नाना श्वास रोखून फोटोला बसल्यासारखे बसत. नात कंटाळून खेळायला पळायची.

एका रविवारी गच्चीवर बायका बिबडे थापत होत्या, मी माझ्या कोपऱ्यात होतो, आणि खिडकीतून नाना माझ्या बायकोला अजिजीने म्हणाले, "सूनबाई, रागावू नको. पण तुझे बिबडे पसरल्यापासून माझं नेट अडकतंय. आताही पोर अर्ध्यातच पळाली. ओलं धोतर लहरी शोषून घेत असणार."

"अहो नाना, बिबडे कधी नेट खातात का?"

"मग दुसरं कोण खातं?"

बायको बिचारी भिडस्त. उद्यापासून अंगणात वाळवू, म्हणाली. आमच्या अंगणात कडुलिंबाची दाट सावली. तिथे सगळे बिबडे आंबले असते. नानांच्या घरून आलेली वाटी आमच्याकडून आजवर कधी रिकामी गेली नव्हती. इथे मी पंधरा दिवस त्यांच्याकडून वाटी भरून घेत होतो, आणि वाटी माझ्या हातात आहे हेही सांगत नव्हतो.

"नाना, बिबडे निर्दोष आहेत. नेट मी खातोय."

मग शिंदखेड्याची एक वहिनी कपाळावर हात मारून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "घ्या! मोठा कावळा ते आठेच बशेल शे!"

"म्हणून राखण होय!" बायको म्हणाली.

त्या हशात दोघी-तिघींनी पीठभरल्या हातांनी माझ्याच कोपऱ्यातल्या कठड्यावर ठेवलेले आपापले मोबाइल हळूच बंद केले. ते मी पाहिलं. पण हा कबुलीजबाब माझा आहे, त्यांचा नाही.

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कॉपी करणाऱ्याकडे पाहावं तसं. "मागितलं असतंस, तर नाही म्हणालो असतो का रे?"

"नाही, नाना."

"मग?"

मी फोन बंद करून खिशात टाकला.

"कान धर!"

पन्नाशीच्या माणसाने भर गच्चीत कान धरले. तेवढ्यात नानांचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो उचलला, पण माझी खरडपट्टी काही थांबेना. त्या रागात ते श्वास रोखायचं विसरले, ताठ बसायचं विसरले. बोट नाचवत, मान हलवत, सदऱ्याची बाही मागे सारत ते मला झापत होते.

आणि त्यांच्या हातातल्या फोनमधून साऱ्या गच्चीला ऐकू जाईल अशी किंकाळी आली,

"आई, पळत ये! आजोबा हलताहेत!"