तोंडाला हात लावू नका

कुरुंद्याला मुलगी बघायला निघालो आणि नेमका त्याच आठवड्यात ओठांभोवती मुरुमांनी बाजार भरवला. वसमतच्या स्टँडवर मी तेलकट भजी खाल्ली, रुमालानं जीपची सीट झाडली, त्याच रुमालानं तोंड पुसलं आणि मग निवांतपणे एकेक मुरूम नखानं कुरतडायला लागलो.

शेजारी मांडीवर करडू घेऊन बसलेल्या मावशींनी माझ्या हातावर चापट मारली.

"काहून फोडून राहिले? पोरगी पाहायला चाललात न्हाई का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"इस्त्रीचा शर्ट घालून जीपमधी कोण बसतं?"

सगळी जीप हसली. मावशी हसल्या नाहीत. आपल्या बाटलीतलं पाणी देऊन त्यांनी मला बाहेर वाकून तोंड धुवायला लावलं. "तेलकट खाल्लं की रोज असंच धुवायचं. अन् ज्यानं सीट झाडली, ते फडकं तोंडाला लावायचं न्हाई." पुढं माझा हात वर गेला की चापट, करडू उठलं की त्यालाही चापट. दोघांना एकाच हातानं आवरत होत्या.

उतरताना म्हणाल्या, "पोरगी फोड पाहत न्हाई. हात कुठं जातो, ते पाहते."

मुलीच्या घरी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. मुलगी पोह्यांची बशी धरून उभी, मी हात काढेना.

"हाताला काही तकलीफ आहे का?" तिनं विचारलं.

"न्हाई. सवय मोडून राहिलो."

ती इतकी हसली की पोहे सांडले. पुढं सवय मोडली, मुरूमही गेले. पण होकार आला तो मुरुमांच्यादेखतच.