खिडकीबाहेरच्या मथुराबाई

शाळेत सगळ्यांच्या नकला निघायच्या. रावजी मास्तरांची तर बिगरीतल्या पोरीसुद्धा काढत: वाक्याच्या मध्येच थांबायचं, डोळे मिटायचे आणि शिंक यावी तसा शेवट फोडायचा. "म्हणजे असं बघा, छडीनं काय होतं... वळण लागतं!" त्यांच्या पत्नी आनंदीबाईंची त्याहून सोपी. नथ सावरायची आणि दर तिसऱ्या शब्दाला "अगो बाई" म्हणायचं. मथुराबाईंची मात्र कुणालाच जमली नाही. आवाजाला चढ नाही, उतार नाही. "मुलींनो, पाट्या काढा" आणि "शिंपिणीचा मुलगा गेला, आज सुट्टी" ही दोन्ही वाक्यं त्या एकाच सुरात सांगत. नक्कल करणाऱ्यानं धरायचं काय?

तेराव्या वर्षी त्यांचं कपाळ पांढरं झालं. भावानं पुण्याला शिक्षिकांच्या वर्गाला धाडलं. तिथून त्या एक पत्र्याची ट्रंक आणि एक समजूत घेऊन रत्नागिरीला परतल्या: मुलाला मारण्याआधी त्याच्या आईला गाठावं. ट्रंकेला वर्षभरात गंज चढला. समजुतीला चढला नाही.

चौतीस सालच्या फाल्गुनात या समजुतीची परीक्षा आली, ती चिमाच्या रूपानं. सहा वर्षांची पोर, पण दातानं चावायची. नुसते दात टोचून नव्हे, रक्त निघेपर्यंत. तिचा बापूस पडावावर खलाशी होता. दिवाळीनंतर कौलांनी भरलेला तो पडाव अंजनवेलच्या पुढं बुडाला. तोवर ही पोर गुणाची होती. महिन्याभरात तिनं चार मुलींना चावलं. चौथी होती गंगुबाईची विमला, आणि गंगुबाई तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याची बायको. ती शाळेच्या पायरीवर उभी राहून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "मास्तर! शाळा हाय की सुसरींचा कोंडवाडा?"

रावजी मास्तरांनी मथुराबाईंकडं वळून डोळे मिटले. "बाई, म्हणजे असं बघा, चैत्र संपेतो चिमाच्या आईनं येऊन बोलावं. नाहीतर पटावरून नाव... कमी!"

"बरं," मथुराबाई म्हणाल्या.

नाव कमी झालेली पोर परत शाळेत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सहाव्या वर्षी ती मासळीच्या टोपलीमागं चालू लागते.

त्यांनी पालकसभा बोलावली. सभेला केरू शिपाई आला, तोही घंटा बडवायची म्हणून. "बायकामानसा सभेला येतात व्हय?" तो म्हणाला. "हळदीकुकवाला बोलवा. न बोलवता येतील."

म्हणून शाळेत चैत्राचं हळदीकुंकू ठरलं. "आयशीनं येयाचा," असा निरोप प्रत्येक मुलीनं घरी न्यायचा होता. चिमानंही नेला. "बरा," एवढंच म्हणून तिची आई सगुणा चुलीकडं वळली.

चाळीस बायका आल्या. कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. विधवेनं हळदीकुंकवात मिसळायचं नसतं, म्हणून मथुराबाई व्हरांड्यात, खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. प्रश्न त्या बाहेरून विचारायच्या आणि आनंदीबाई कुंकू लावता लावता तो आत सांगायच्या.

"मूल खोटं बोललं तर घरी काय करता, विचारा."

"अगो बाई, बाई विचारतायत, तुमची पोरं खोटं का बोलतात?"

"आमची? आमची कंदी बोलत नाय!"

"हट्ट केला तर?"

"धपाटा!" हे चाळीस जणींनी एका सुरात सांगितलं. हसण्यानं कौलं हलली. मग गंगुबाई हळूच म्हणाली, "आमची विमला राती दचकून उठते हो. विचारा बाईंना, काय करू?" मागून आणखी दोघी बोलल्या. केरूचं खरं झालं होतं, बायका बोलत होत्या.

मथुराबाईंचं लक्ष मात्र रस्त्याकडं होतं. सगुणा अजून कशी आली नाही?

तेवढ्यात चिमा व्हरांड्यात शिरली. खिडकीच्या फळीवर करंडा ठेवला होता. तिनं त्यात हात घातला आणि कुंकवाची मूठ भरली.

"कुणाला गो?" मथुराबाईंनी विचारलं.

"आयशीला. आमचा संपलाय. बापूस मुंबईसून आनल तवा लावनार हाय. पोरी म्हनतात बुडाला. खोटारड्या!"

आणि पळाली.

मथुराबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. पडाव बुडाल्याचं त्यांना ठाऊक होतं. सगुणाचं कपाळ त्यांनी बाजारात पाहिलं होतं. वीस वर्षं स्वतः खिडकीबाहेर उभं राहून त्याची इतकी सवय झाली होती, की एका विधवेला आपण हळदीकुंकवाचं आमंत्रण धाडलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्या चिमामागं निघाल्या. पोचल्या तेव्हा सगुणा उंबऱ्यावर बसली होती आणि चिमा लाल बोट तिच्या कपाळाकडं नेत होती. सगुणानं तोंड फिरवलं, चिमानं पुन्हा बोट नेलं. सगुणानं मनगट धरलं तेव्हा पोर तिच्या हाताला चावली. सगुणानं हात सोडवला नाही.

"बाय गो," ती म्हणाली, "कुकू संपला बिंपला काय नाय. बापूस मुंबईला गेला नाय. त्यो आता येनार नाय."

चिमाचे दात हळूहळू सुटले.

सगुणानं मथुराबाईंकडं पाहिलं. ती रडत नव्हती. "दुसऱ्या कोनी बोलवला असता तर काय वाटला नसता. तुमाला तरी कळायला होवा होता."

"हो," मथुराबाई म्हणाल्या. तोच सूर.

त्यानंतर चिमा कुणालाच चावली नाही. नाव पटावर राहिलं. "बघा बाई, आयांना बोलावलं आणि पोरीला काय लागलं... वळण!" मास्तर म्हणाले. तपासणीच्या कागदावर मथुराबाईंनी 'वर्तन सुधारले' असं लिहून दिलं. चिमा पाटीवर सांगितलं तेवढं लिही, विचारलं तर मान हलवी. बोलत नसे. विमलानं तिला आवळा दिला. तो तिनं घेतला आणि मुठीत तसाच धरून बसली.

श्रावणात बाईंनी पुन्हा आया बोलावल्या. या खेपेला हळद नाही, कुंकू नाही. "मग लोक कशाला येतील, अगो बाई?" आनंदीबाई म्हणाल्या. मथुराबाई दारोदार स्वतः सांगत फिरल्या. चौघी आल्या, त्यांत गंगुबाई. सगुणा आली आणि भिंतीला टेकून बसली. मथुराबाई तिच्यासमोर चटईवर बसल्या.

"चिमा घरी बोलते का?"

"नाय. हितं?"

"नाही."

मथुराबाईंनी चटईवर तिच्यासाठी जागा केली. मग गंगुबाईनं घसा खाकरला आणि मथुराबाईंनी तिला विमलाबद्दल विचारलं.